पाण्याच्या पाळीचं बटण

हिंगणमाळ, ता. माण
१० मार्च २०२५

चि. संयोगिता,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. आज तो राखून ठेवते. आधी भांडण.

तू म्हणशील, आत्याकडे फोन असताना पत्र कशाला? फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "आत्या, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते" म्हणतेस आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. पत्र मध्येच कापता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

काल रविवारी सकाळी सात वाजता आमच्या जानुबाई पाणीवापर संस्थेनं उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटतं त्या पहिल्या आवर्तनाच्या पाळ्या तुझ्या ॲपवर खुल्या केल्या. जो आधी बटण दाबेल त्याला पाणी, आणि पाण्याचे तास संपले की खेळ खलास. आमचं हिंगणमाळ कालव्याच्या शेवटाला. इथं नेटवर्क धरायचं तर मारुतीच्या देवळाची पायरी गाठावी लागते. आम्ही बाया म्हशींच्या धारा काढायच्या तशाच टाकून साडेसहालाच पायरीवर जमलो होतो. माझ्या शेजारी चंद्राबाई. तिला तू ओळखतेस. नवरा मुंबईत माथाडी, आणि दीड एकर डाळिंब तिनं एकटीनं वाढवलेलं. झाडांना लिंबाएवढी फळं लागली आहेत.

सात वाजले. तिनं तुझं ॲप उघडलं. आधी तुझ्या कंपनीचं चित्र आलं. मग निळ्या पाण्याचा एक थेंब गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. चंद्राबाई म्हणाली, "वयनी, ह्यो थेंब खाली कवा पडायचा?" थेंब थांबला तेव्हा पाटी आली: सर्व पाळ्या भरल्या आहेत.

पायरीवर जेवढ्या होतो तेवढ्या सगळ्या कोरड्या उठलो.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष आप्पासो यांचा मुलगा धैर्यशील गावात आला. त्यांचं पिंपळदरा कालव्याच्या मुखाला. गाडीतून उतरायच्या आधी त्यानं काचेतूनच फोन दाखवला. "काकी, तुमचा पडला अँड्रॉइड. आयफोनवर बोट ठेवायचा अवकाश, पाळी लागली. माझा च्या बी गार झाला न्हवता." आणि हसला. ते हसू मी तुझ्या नावावर लिहून ठेवलं आहे.

दिवाळीला तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होतीस, "आत्या, आपलं ॲप लोण्यासारखं चालतं." मला एवढंच सांग: कुणाच्या फोनवर?

तुझी आत्या,
विजयमाला


सांगली
१६ मार्च २०२५

आत्या,

तुम्ही आशीर्वाद राखलात तरी मी नमस्कार करते.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या विश्वजितनं फोडलं. अर्धं वाचून त्यानं विचारलं, "ही ग्राहकाची तक्रार आहे का?" मी म्हटलं, नाही, माझी आत्या आहे. तो म्हणाला, मग जास्त अवघड आहे.

तुम्ही रागावला आहात, मान्य. पण राग योग्य जागी काढा. मी ॲप तीन फोनांवर शेजारी शेजारी ठेवून तपासलं आहे: एक आयफोन, एक महागडा अँड्रॉइड आणि एक बाजारात सगळ्यात जास्त खपणारा, बेताच्या किमतीचा अँड्रॉइड. आयफोनवर ते डोळा मिटून उघडेपर्यंत समोर येतं. याचं कारण जादू नाही. तिथं फोन बनवणारे आणि आतली प्रणाली लिहिणारे एकच, आणि मॉडेलं मोजकी. एका माणसाचं माप घेऊन शिवलेला सदरा अंगावर बसतोच. अँड्रॉइड हजारो प्रकारच्या फोनांवर चालवायचा असतो, स्वस्तातल्या स्वस्त फोनापासून सगळ्यांवर. तो सगळ्यांना बसेल असा शिवलेला सदरा. कुणाला घट्ट, कुणाला सैल. पण ताकदीचा अँड्रॉइड घेतलात तर तोही आयफोनच्या खांद्याला खांदा लावून पळतो. आमच्या चाचणीत यादी सरकवताना दोघांत फरक ओळखता येत नव्हता. म्हणजे भांडण अँड्रॉइड आणि आयफोनचंही नाही. भांडण चांगल्या आणि थकलेल्या फोनचं आहे. त्यात माझा काय गुन्हा?

आता उपाय. चंद्राबाईंच्या फोनमध्ये जागाच उरलेली नसणार. गुड मॉर्निंगची चित्रं, लग्नाचे व्हिडिओ, जुने आवाजी निरोप, सगळं पुसायला सांगा. मागे उघडी राहिलेली ॲपं बंद करा. फोन उन्हात ठेवू नका, तापला की तो स्वतःच संथ होतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. पूर्वी कालव्याची दारं उघडणाऱ्या पाटकऱ्याला कोण काय पाजायचं आणि कुणाचं दार आधी उघडायचं, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. माझ्या ॲपला गाव कळत नाही, आडनाव कळत नाही, कोण कुणाचा पाहुणा तेही कळत नाही. ते कुणाचं तोंड बघत नाही. जो आधी आला तो आधी. पहिल्या आवृत्तीत मी तुमच्या जुन्या पद्धतीनं गावांचा क्रम टाकलाही होता, पण संस्थेच्या संचालक मंडळाला तो किचकट वाटला आणि त्यांनी काढायला सांगितला. काढल्यावर ॲप खरंच हलकं झालं.

पुढचं आवर्तन सहा एप्रिलला खुलं होईल. तोवर फोन साफ करून घ्या.

तुमची,
संयोगिता


हिंगणमाळ
२३ मार्च २०२५

चि. संयोगिता,

तू सांगितलंस ते सगळं केलं. ऐक, काय काय केलं ते.

परवा देवळाच्या पायरीवर फोन धुवायचा कार्यक्रम झाला. सोनियानं, म्हणजे माझ्या सुनेनं, एकेकीचा फोन घेऊन पुसायला सुरुवात केली. सूर्योदय, गुलाब, कपातला चहा, "आजचा दिवस आनंदाचा जावो" असली दीड-दोन हजार चित्रं एकेका फोनात. धोंडुबाईच्या फोनात तर एकाच म्हशीचे इतके फोटो निघाले की सोनिया म्हणाली, "आत्ती, म्हस इकली का न्हाई अजून?" धोंडुबाई म्हणाली, "इकली. म्हनून तर फोटू ठेवलंत." खूप हसलो.

मग चंद्राबाईची पाळी आली. तिच्या फोनात चित्रं फार नव्हती. जागा सगळी आवाजानं भरली होती. तिचा नवरा रोज रात्री मुंबईहून दोन-तीन निरोप बोलून पाठवतो. बाजारात आज काय उतरवलं, खांदा दुखतोय, बागेला खत कुठलं टाक. चार वर्षांचे निरोप. सोनियानं विचारलं, "काकी, पुसू?" चंद्राबाईनं शेवटचा निरोप एकदा कानाला लावून ऐकला. मग म्हणाली, "पूस. तो बोलंल आनिक. पानी कुठं बोलतंय?"

एका पाळीसाठी बाईनं नवऱ्याचा चार वर्षांचा आवाज पुसला, संयोगिता. तुझ्या चाचणीच्या टेबलावर हा फोन होता का?

एवढं करून आम्ही सगळे फोन ओळीत मांडले आणि तुझं ॲप उघडलं. थेंब फिरतोच आहे. थोडा कमी फिरतो, पण फिरतो. तू तुझे फोन थंड खोलीत, कोरड्या हातांनी, पंख्याखाली तपासलेस. आमचे फोन कमरेला खोचलेले असतात. काच तडकलेली, बोटाला शेण नाहीतर चिखल, आणि मार्च महिन्यात इथं सावलीसुद्धा भाजते. तापलेला फोन संथ होतो हे तूच लिहिलंस. मग माणदेशात तो गार ठेवायचा कुठं? माठात?

पण मला खरी आग लागली ती तुझ्या पत्रातल्या एका वाक्यानं. गावांचा क्रम मंडळाला किचकट वाटला, म्हणून काढला.

किचकट! अगं, ती एकच गोष्ट आम्ही इतकी वर्षं भांडून टिकवली होती. पहिलं पाणी कालव्याच्या शेवटच्या गावाला. मग तिथून एकेक गाव वर सरकत मुखाला. कारण मुखाजवळचा आधी प्यायला लागला की खाली फक्त ओला वास पोचतो. पाटकरी पैसे खायचा, दारू प्यायचा, एखादं दार इकडचं तिकडे करायचा, सगळं खरं. पण शेवटच्या गावाला डावलून मुखाशी सुरुवात करायची त्याचीही छाती झाली नाही. ते तू एका दुपारी करून टाकलंस, आणि वर लिहितेस की ॲप हलकं झालं!

मी कोरेगावची लेक आहे. तुझ्या आजोबांच्या, लालासाहेबांच्या, उसात मोटार बंद करायला विसरायचे आणि पाणी रस्त्यावर यायचं. मीही तशीच वाढले. इथं नांदायला आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी मला भांडं घासायला राख दिली. त्या दिवशी मला कळलं की मुखाशी राहणाऱ्या माणसाला पाणी दिसतच नाही. तुलाही दिसत नाही. तू आयफोन आणि अँड्रॉइडची तुलना करतेस. मी पिंपळदरा आणि हिंगणमाळची करते. त्यांची जमीन, त्यांची उसाची बिलं, त्यांचा फोन. आता पाणीसुद्धा त्यांचा फोन बघून वळणार?

तो क्रम कुणाच्या सांगण्यावरून काढलास, नाव लिही. "मंडळ" हे माणसाचं नाव नाही.

आत्या


सांगली
२९ मार्च २०२५

आत्या,

नाव हवं ना? आप्पासो. हिंगणमाळच्या बायांना मोबाईल वापरायला शिकवण्याची जबाबदारीही त्यांनी घेतली होती, ती पार पाडलीच नाही असं दिसतंय. ते म्हणाले, "पोरी, क्रम काढ, न्हाईतर पुन्याची कंपनी तयार हाय." या ऑफिसात चार माणसं आहेत आणि एकाच्या घरी बाळ आहे. तुम्हाला सभेत उभं राहून टाळ्या घेता येतात. आम्हाला सोमवारी ऑफिसचं दार उघडावं लागतं. भाषण सोपं असतं, आत्या. मी लहानपणी तुमच्या पदराला धरून व्यासपीठामागे बसायची, तेव्हापासून बघते आहे. तुम्ही बोलता, लोक पेटतात, आणि दुसऱ्या दिवशी दार तोच पाटकरी उघडतो.

हे लिहून मी रात्री झोपले नाही. तुमच्या भाषणामुळे नव्हे. चंद्राबाईंनी पुसलेल्या निरोपांमुळे. पुसायला सांगणारी मी होते.

म्हणून तीन दिवस एकच काम केलं. ॲप सोलून काढलं. फिरणारा थेंब गेला, आमचं चित्र गेलं, सरकणारे पडदे, सावल्या, रंग, सगळं गेलं. राहिलं एक पांढरं पान आणि एक बटण. विश्वजित म्हणाला, हे दाखवून पुढचं काम मिळणार नाही. मी म्हटलं, मिळू नये. मग इथल्या मंडईतून वापरलेला, काच तडकलेला एक अँड्रॉइड आणला, गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवला, आणि कणीक मळता मळता तसल्याच बोटानं बटण दाबलं. शेजारी सावलीत आयफोन. दोन्ही एकदम उघडले. पुन्हा केलं. पुन्हा एकदम.

सहा तारखेच्या आधी सोनियाकडून नवीन आवृत्ती सगळ्यांच्या फोनात घालून घ्या. आता आयफोन आणि अँड्रॉइड एका रेषेवर उभे आहेत. यापेक्षा न्याय माझ्या हातात नाही.

संयोगिता


हिंगणमाळ
७ एप्रिल २०२५

संयू,

जिंकलो! सातचा ठोका पडला आणि पायरीवर जेवढी बोटं होती तेवढी एकदम खाली आली. पान उघडलं, पाळी लागली. हिंगणमाळच्या एकाही बाईची पाळी चुकली नाही. चंद्राबाईला रात्रभराचं पाणी मिळालं. धैर्यशीलला म्हणे पहाटेची अर्धवट पाळी मिळाली. तो आपला फोन झटकून बघत होता असं पिंपळदऱ्याचा दूधवाला सांगत होता. मी त्याला दोनदा सांगायला लावलं.

चंद्राबाई म्हणाली, "तुमच्या भाचीच्या बोटांना सोन्यानं मढवा."

मी अजून मढवणार नाही. पण तू कणकेच्या हातानं बटण दाबलंस ते वाचून मला जरा बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

आत्या


हिंगणमाळ
१४ एप्रिल २०२५

चि. संयोगिता,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते. मागचं पत्र फाडून टाक.

काल दुपारी अंगणात मेंढरं शिरली. त्यांच्यामागून काठी आपटत बनुबाई. ही आमच्या आणि पिंपळदऱ्याच्या मधल्या घागरवाडीची. सत्तरी उलटलेली, दोन मुलगे मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे गेलेले, आणि घरी व्यालेल्या मेंढ्या व लहान कोकरं घेऊन एकटी राहिलेली. कोकरांसाठी अर्धा एकर मका करते. ती दारातूनच ओरडली, "आवं भाषणवाल्या! या भायेर!"

मी बाहेर आले. तिनं लुगड्याच्या गाठीतून फोन काढून माझ्या ओट्यावर आपटला. आकडे असलेलं, बोटांनी दाबायचं जुनं डबडं. "ह्येच्यावर दावा, कुठं दाबायचं त्ये. मका वाळला माजा. मेंढ्यांचं दूद आटलं. कोकरं रातभर वरडत्यात." मी म्हटलं, बनुबाई, यावर ते ॲप चालत नाही. "मंग माज्या कोकरास्नी काय आनड्राईड घालू?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं घेतला नाही.

"त्यो आप्पासो खातोय, त्येचं काय नवाल न्हाई. त्येचा धंदाच हाय. पर तुमी बी त्येंच्यातल्याच निगाला. धा गावांत बोलत फिरता, शेवटच्याला आदी पानी. तवा आमी टाळ्या वाजवल्या. आता बोटं दाबताना शेवटचा कोन, ह्ये बगितलं का तुमी?"

नाही बघितलं. आम्ही पायरीवर नाचत होतो.

घागरवाडीत ती एकटी नाही. निम्म्या घरांत असलेच फोन आहेत. मागच्या वेळी आप्पासोंच्या आयफोननं त्यांचं पाणी नेलं, या वेळी आमच्या अँड्रॉइडनं नेलं. त्यांना दोन्ही सारखेच. ते डबडं ना आयफोन, ना अँड्रॉइड, म्हणजे तुझ्या तुलनेत ते नव्हतंच. माझ्या तुलनेतही नव्हतं!

आणि चंद्राबाईचं ऐक. महिनाभर तहानेनं कडक झालेल्या झाडाला रातोरात भरपूर पाणी बसलं. तिसऱ्या दिवशी डाळिंबं तडकायला लागली. सालीला उभ्या चिरा, आत कच्चे पांढरे दाणे. निम्मी बाग गेली. पाणी वेळेवर आणि थोडं थोडं लागतं, एकदम शर्यत जिंकून लागत नाही. क्रम होता तेव्हा हे तिला कधी शिकावं लागलं नव्हतं.

मी तुझ्यावर चिडले होते कारण शर्यतीत आमचे पाय बांधलेले होते. तू पाय सोडलेस. मी एकदाही विचारलं नाही की पाण्याची शर्यत लावलीच कुणी. मी, जी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच विचारत आले! स्वतःवरचा हा राग मला सहन होत नाही, म्हणून त्यातला अर्धा तुला पाठवते आहे.

ते बटण काढ.

आत्या


सांगली
२० एप्रिल २०२५

आत्या,

बटण मला काढता येत नाही, कारण ॲप आता माझं राहिलेलं नाही.

सात तारखेलाच आप्पासोंचा फोन आला होता. तुमचं जिंकल्याचं पत्र हातात पडलं त्याच्या आधी. मी तुम्हाला कळवलं नाही. वाटलं, निस्तरेल. ते म्हणाले, "हलकं केलंस त्ये झ्याक केलंस. आता एक कर. संचालकांच्या फोनावर पावनेसातला उघडायचं, बाकीच्यांच्या सातला. कुनाला कळायचं कारन न्हाई."

मी विचारलं, कशासाठी?

"अगं, मानसाचा काय मान हाय का न्हाई?"

म्हणजे फोनच्या वेगाचा फायदा होता तोवर त्यांना नियम सगळ्यांना सारखा हवा होता. वेग सारखा झाला आणि नियम नको झाला. मी आयफोनला आणि अँड्रॉइडला एका रेषेवर आणायला तीन दिवस घालवले, आणि त्यांना ती रेष पुसायला एक फोन पुरला. ॲप तोंड बघत नाही असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं. ते तोंड बघायला शिकवायचं काम मलाच सांगितलं.

मी नाही म्हटलं. मग आवाज चढला. मग माझाही चढला. विश्वजित शेजारच्या खोलीतून पळत आला, त्याला वाटलं घरी कुणी गेलं. काल कंत्राट रद्द झाल्याचं कळलं. चार मेला संस्थेच्या सभेत ते पुण्याच्या कंपनीचं ॲप दाखवणार आहेत. मला यायचं होतं, पण सभासद नसलेल्याला आत बसू देणार नाही असा निरोप आला आहे.

तुम्ही जाल. पण आत्या, एक विनंती. भाषण करू नका. तुम्ही बोललात की ते म्हणतील, बाई नेहमीप्रमाणे पेटल्या, टाळ्या वाजवतील आणि पुढच्या विषयाकडे वळतील. पावणेसातची गोष्ट चंद्राबाईंना सांगू द्या. त्यांची बाग तडकली आहे. आणि बनुबाईंना घेऊन जा.

संयोगिता


हिंगणमाळ
१२ मे २०२५

चि. संयोगिता,

बोलले नाही. आधी हे ऐकून घे, कारण बाकीच्यांचा अजून विश्वास बसत नाही. सभेत मी उभी राहिले ती फक्त एका वाक्यापुरती.

पिंपळदऱ्यात आमच्या संस्थेच्या सभागृहात पडदा लावला होता. धैर्यशील पुढे उभा राहून आयफोनमधलं नवं ॲप पडद्यावर दाखवत होता. यादी वर सरकव, खाली सरकव. "बगा, किती स्मूद! कुटं अडकतंय का?" मागून कुणीतरी ओरडलं, "तूच अडकतोयस, पुढं बोल!" मग चंद्राबाई उठली. तिनं पिशवीतून एक तडकलेलं डाळिंब काढून आप्पासोंच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "पावनेसातला कुनाकुनाचं उगडनार हाय, त्ये बी दावा की पडद्यावर."

सभागृहात एकदम गलका झाला. आप्पासो म्हणाले, असं काही ठरलेलं नाही. चंद्राबाई म्हणाली, "मंग भाचीबाईचं काम का काडलं?" त्यावर त्यांना घोटभर पाणी लागलं.

धैर्यशील बापाच्या मदतीला धावला. म्हणाला, नवीन ॲप इतकं सोपं आहे की म्हातारं माणूसही पाळी लावील. तेव्हा मी उठले आणि माझं वाक्य बोलले: "मग तुझा फोन बनुबाईंच्या हातात दे आणि त्यांना लावू दे."

नाही म्हणता येईना. त्यानं फोन दिला. बनुबाईनं तो दोन्ही हातांनी कोकरू धरावं तसा धरला. आधी उलटा. मग सुलटा. एवढ्यात फोनचा पडदा काळा झाला. ती बोट लावते तर फोन कुलूपबंद. धैर्यशील म्हणाला, "आजी, त्ये माजं तोंड बगितल्याबिगर उगडत न्हाई."

बनुबाईनं फोन लांब धरला, जवळ धरला, त्याच्याकडे नीट बघितलं. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तोंड बगून दार उगडतोय व्हय? आरं, मंग आमचा पाटकरी काय वंगाळ व्हता? त्यो दारू पिऊन तरी उगडायचा!"

हसण्यानं पत्रा हादरला. पिंपळदऱ्याची माणसंसुद्धा हसली. पण हसू ओसरल्यावर घागरवाडीचे लोक बसले नाहीत, उभेच राहिले. मग आम्ही उभ्या राहिलो. ठराव चंद्राबाईनं मांडला: बटण नको, शर्यत नको, पहिलं पाणी शेवटच्या गावाला, तिथून क्रमानं वर. हात वर झाले. पिंपळदऱ्यातलेही काही झाले. आप्पासो मोजायला लागले आणि मध्येच थांबले; ठराव पास झाला.

तुझं काम परत आलं नाही. तो विषय त्यांनी काढूच दिला नाही, आणि हा राग मी सोडणार नाही. संस्थेच्या येत्या निवडणुकीत मी त्यांच्या समोर उभी राहणार आहे, तेव्हा भाषणं होतील, तुझी परवानगी असो वा नसो. गावांचा क्रम संस्थेच्या भिंतीवर निळ्या रंगानं हातभर अक्षरांत लिहून घेतला आहे. चंद्राबाई रोज येता-जाता वाचते. म्हणते, "भित्ताडाला उगडायला येळ लागत न्हाई."

तू गच्चीवर उन्हात ठेवलेला तो तडकलेला फोन फेकू नकोस. आपल्या जिल्ह्यात आणि तुमच्या सांगलीकडे अशा संस्था पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीत एक धैर्यशील आहे. तुझ्याकडे पुढचं काम घेऊन कुणी आलं की तो फोन आधी टेबलावर ठेव. त्याच्या शेजारी बनुबाईचं डबडं ठेव. मग आयफोन ठेव. मग विचार, आता बोला, काय बनवायचं आहे?

काल आवर्तन सुटलं. कालव्याला पाणी येऊन पहिलं दार आमच्याकडचं उघडलं. चंद्राबाईनं उरलेल्या झाडांना घोटघोट दिलं. परवा घागरवाडीचं दार उघडेल. बनुबाई आजच बांधावर जाऊन बसली आहे, तिचा पाटकऱ्यावर विश्वास नाही आणि आता फोनवरही नाही.

राखून ठेवलेला आशीर्वाद घे. सगळा घे.

आणि फोन करावासा वाटला तर आज करू नकोस. केलास तर दुसऱ्याच वाक्याला मी म्हणेन: संयोगिता, मी पाण्यावर आहे, नंतर बोलते.

तुझी आत्या,
विजयमाला